पासबुकावर लिंकन, तिजोरीवर कुक

अमेरिकेत निवडणूक लागली की आमच्याकडे लोकांची झोप उडते. आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण हे ज्याला सांगता येत नाही, तोसुद्धा पेनसिल्व्हेनियात कोण किती मतांनी पुढे आहे ते तोंडपाठ सांगतो. हा निवडून आला तर पोराच्या व्हिसाचे काय, तो आला तर शेअर बाजाराचे काय, यावर चहाच्या टपरीवर हमरीतुमरी होते. आम्हीही त्या रात्री जागतो, खोटे कशाला बोला! आणि दर खेपेला टीव्हीवरचा कोणीतरी विद्वान 'जगातली सर्वात जुनी लोकशाही' असे म्हणून हात जोडतो.

आमच्या वस्तीतल्या वाचन मंडळात महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चे वाचन चालू होते. पुस्तक उघडले की पहिली येते ती अर्पणपत्रिका. १८७३ साली तात्यासाहेबांनी हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी निःस्वार्थपणे झीज सोसून गुलामांना मुक्त केले. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशाही व्यक्त केली. यावर बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "मग त्या सदाचारी लोकांनी पुढे काय केले?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मुक्त केले, एवढेच आम्हाला ठाऊक होते. तिला जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, ते इथे देत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तात्यासाहेब चुकले नव्हते. त्यांनी ज्यांना पुस्तक अर्पण केले ती माणसे खरोखर होती आणि त्यांनी खरोखर किंमत मोजली होती. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने मताधिकार आला. ज्या मिसिसिपीत माणसे लिलावात विकली जात होती, त्याच मिसिसिपीतून १८७० साली हायरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय माणूस सिनेटमध्ये जाऊन बसला. दक्षिणेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय आमदार निवडून आले. पुण्यात बसून हे वाचणाऱ्या माणसाला, ज्याच्या डोळ्यांसमोर पेशवाईच्या खुणा अजून ताज्या होत्या, त्याला यात पहाट दिसली नसती तरच नवल.

पण १८७३ हे सालच मोठे विचित्र निघाले. त्या वर्षीच्या ईस्टरच्या दिवशी, १३ एप्रिलला, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कचेरीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. जे थोडे आरोपी दोषी ठरले, त्यांची शिक्षा १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आणि १८ सप्टेंबरला जे कुक अँड कंपनी ही अमेरिकेतली बलाढ्य पेढी बुडाली. सहा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्या दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद होता, घबराटीमुळे त्याला कुलूप लावले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या कुलपाआड आहे.

त्यासाठी जरा मागे, जमिनीपर्यंत जावे लागेल.

१२ जानेवारी १८६५. जॉर्जिया राज्यातले सव्हाना शहर. जनरल शर्मनने वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले, तुम्हाला काय हवे? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलला. वय ६७. या माणसाने काही वर्षांपूर्वी स्वतःचे आणि बायकोचे स्वातंत्र्य १००० डॉलर मोजून, सोन्याचांदीच्या नाण्यांत, विकत घेतले होते. त्याने पुतळा मागितला नाही, स्मारक मागितले नाही. आम्हाला जमीन द्या, आम्ही ती आमच्या कष्टाने कसू आणि आमचे आम्ही पाहू, असे त्याने सांगितले. चारच दिवसांनी शर्मनचा आदेश निघाला. किनाऱ्यालगतची जमीन प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत मिळणार होती. जूनपर्यंत सुमारे ४० हजार माणसे त्या जमिनीवर वसली आणि त्यांनी पिके उभी केली.

दरम्यान लिंकनचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने बंडखोर मळेवाल्यांना माफी दिली आणि माफीबरोबर जमिनीही परत दिल्या. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावर पाठवले गेले. कशासाठी? तर लोकांना चर्चमध्ये जमवून सांगायचे, की जमीन सोडा आणि जुन्या मालकाशी मजुरीचा करार करा. सांगताना हॉवर्ड स्वतः अवघडला होता म्हणतात. असेलही. अवघडलेली माणसेच बहुतेक वेळा असले निरोप घेऊन येतात.

सरकारकडे द्यायला जमीन नव्हती का? इथे हिशेब नीट पाहिला पाहिजे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एकेका कुटुंबाला १६० एकर जवळजवळ फुकट दिली जात होती. १८६४ साली नॉर्दर्न पॅसिफिक या एका रेल्वे कंपनीला अमेरिकेच्या संसदेने सुमारे ४ कोटी एकर जमीन बहाल केली. (तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आमच्या वाचकांनी उगाच आठवणी जाग्या करून घेऊ नयेत.) ती जमीनही मूळ रहिवाशांच्या तोंडून काढलेली, ते प्रकरण तर आणखीच वेगळे. म्हणजे गुलामाला ४० एकर दिले तर तो आळशी होणार, आणि रेल्वेला ४ कोटी एकर दिले तर राष्ट्राचा विकास होणार! राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम १८६२ मध्ये मुक्त केले तेव्हा सरकारने नुकसानभरपाईही दिली होती, दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. दिली मालकाला. ज्याने आयुष्यभर फुकट राबवून घेतले त्याचे नुकसान झाले, असा तो हिशेब. जो राबला त्याला मिळाले ते एकच आश्वासन: देश सोडून जात असशील तर १०० डॉलरपर्यंत देऊ.

हाच जॉन्सन मार्च १८६६ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाला नकाराधिकार वापरून विरोध करताना काय म्हणाला, ते आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावे. या कायद्याने गोऱ्यांवर अन्याय होतो आणि काळ्यांना झुकते माप मिळते, असा त्याचा मुद्दा होता. गुलामी संपून चार महिनेही झाले नव्हते! आमच्याकडे 'मेरिट'च्या नावाने जे गळे काढले जातात, त्या रडगाण्याची चाल एवढी जुनी आहे. संसदेने तो नकार धुडकावून ९ एप्रिल १८६६ रोजी कायदा मंजूर केला. ही तारीख लक्षात असू द्या, ती पुढे परत येणार आहे.

तर जमीन गेली. राहिली मजुरी. कृष्णवर्णीय सैनिकांचा पगार, धुणीभांडी करणाऱ्या बायांचे पैसे, अर्धेलीने कसलेल्या शेताचा उरलासुरला वाटा. ही पै-पै सुरक्षित राहावी म्हणून ३ मार्च १८६५ रोजी लिंकनच्या सहीने एक बँक स्थापन झाली, फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक. पाच सेंटचीही ठेव घेतली जाई. पासबुकावर लिंकनचे चित्र. शाखा काढणारे बरेचसे धर्मोपदेशक आणि लष्करी अधिकारी. ते सांगत, पैसे साठवा, उधळू नका, हे तुमचे सरकार आहे. लोकांनी ऐकले. पुढे एकूण ३७ शाखा झाल्या आणि काही वर्षांत त्या बँकेतून सुमारे ५ कोटी ७० लाख डॉलरच्या ठेवी फिरल्या. जमीन घ्यायला, शाळेला, चर्चला, बी-बियाण्याला लोकांनी तिथेच पैसे साठवले आणि तिथूनच काढले. आळशी म्हणून हिणवलेल्या लोकांचा हा आकडा आहे.

सरकारची हमी मात्र नव्हती. सनद सरकारची, चित्र लिंकनचे, कचेरी राजधानीत अर्थखात्याच्या इमारतीसमोर, भाषा सरकारी, आणि हमी शून्य. हे लोकांना कोणी नीट सांगितले नाही.

मूळ नियम असा होता की ठेवी सरकारी रोख्यांतच गुंतवायच्या. नियम चांगला होता, म्हणून त्याला बदलावे लागले. बँकेच्या अर्थसमितीवर हेन्री कुक बसला होता. हा जे कुकचा सख्खा भाऊ आणि त्याच्या पेढीचा वॉशिंग्टनमधला माणूस. १८७० मध्ये संसदेने सनद सैल केली, ठेवींचा मोठा भाग जमीनजुमल्याच्या गहाणावर कर्जाऊ देण्याची मुभा दिली. मग काय विचारता? वॉशिंग्टनमधल्या बिल्डर-कंत्राटदारांना कर्जे मिळाली. कुकचे स्वतःचे हितसंबंध असलेल्या दगडखाणीच्या कंपनीला मिळाले. खुद्द जे कुकच्या पेढीने ५ लाख डॉलर उचलले, ५ टक्के व्याजाने. ठेवीदारांना ६ टक्के व्याज देण्याची भाषा करणारी बँक आपल्याच कारभाऱ्याच्या भावाला ५ टक्क्यांनी पैसे देत होती! ज्यांच्या ठेवी होत्या त्या कष्टकऱ्यांना त्या बँकेतून कर्ज काढणे मात्र दुरापास्त होते.

आणि जे कुकचे पैसे अडकले होते कशात? नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेत. तीच ती, ४ कोटी एकरवाली. ज्याला ४० एकर नाकारले त्याची साठवण फिरून ४ कोटी एकरवाल्याच्या गोटात पोचली. याला अर्थव्यवस्थेचे अदृश्य हात वगैरे म्हणतात. आम्हाला तर हात चांगले दिसतात, मनगटावरच्या कफलिंकसकट!

पेढी बुडाल्यावर फ्रीडमन्स बँकेवर पैसे काढणाऱ्यांची झुंबड उडाली. मार्च १८७४ मध्ये बँकेचा अध्यक्ष कोणाला केले? फ्रेडरिक डग्लसला. जो स्वतः गुलामीतून पळून आला, ज्याच्या शब्दाला समाजात वजन होते, त्याला. आत काय कुजले आहे हे त्याला आधी ठाऊक नव्हते. त्याने विश्वासाने स्वतःचे १० हजार डॉलर बँकेला दिले, वह्या तपासल्या आणि मग संसदेच्या समितीपुढे सांगितले की बँक वाचण्यासारखी नाही. १८७४ च्या जूनअखेरीस दारे बंद झाली. ६१,१४४ ठेवीदार आणि देणे जवळजवळ ३० लाख डॉलर. पुढे कित्येक वर्षे हप्त्याहप्त्याने ज्यांना मिळाले त्यांना डॉलरमागे फार तर ६२ सेंट मिळाले. अनेकांपर्यंत तेही पोचले नाहीत. जे कुकने मात्र युटामधल्या चांदीच्या खाणीत पैसा गुंतवून काही वर्षांतच पुन्हा गब्बर होऊन दाखवले.

दिवाळखोरीच्या वेळी खुर्चीत आपला माणूस आणून बसवायचा आणि अपयश त्याच्या नावावर मांडायचे, ही कला आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. बुडालेल्या पतसंस्थेची पासबुके आमच्यापैकीही काही घरांत अजून ट्रंकेच्या तळाशी आहेत. आईने ती फेकू दिली नाहीत. म्हणून या बँकेच्या इतिहासावर आम्ही जरा जास्तच रेंगाळलो, वाचकांनी समजून घ्यावे.

जमीन गेली, बचत गेली, मत अजून हातात होते. आता मताची पाळी.

१८७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट टिल्डनला लोकांची मते अडीच लाखांच्या आसपास जास्त पडली. पण अमेरिकेत लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरत नाही, मतदारवृंदाच्या मतांनी ठरतो. त्यात टिल्डन १८४, हेज १६५ आणि २० मते वादात. जिंकायला लागत होती १८५. घटनेत उत्तर सापडेना, म्हणून पंधरा जणांचा आयोग नेमला: पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायमूर्ती. आयोगाने प्रत्येक वादाचा निकाल आठ विरुद्ध सात असा पक्षाप्रमाणे लावला आणि वीसच्या वीस मते हेजला दिली. १८५ विरुद्ध १८४! न्यायमूर्तीही हिशेबात पक्के निघाले.

डेमोक्रॅट हे मुकाट्याने का सोसतील? म्हणून पडद्याआड बोलणी झाली. फेब्रुवारी १८७७ च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या वॉर्मली हॉटेलात दोन्हीकडची माणसे बसली. राष्ट्राध्यक्षपद उत्तरेला, दक्षिणेतला कारभार दक्षिणेच्या गोऱ्यांना. एप्रिलमध्ये साउथ कॅरोलिना आणि लुईझियानाच्या राजभवनांवरचा केंद्राचा लष्करी पहारा उठला. लिंकनच्या पक्षाने गुलामांना मुक्त केले होते, त्यामुळे त्यांची मते तर हक्काचीच होती. विकायला अडचण नव्हती. त्या हॉटेलचा मालक जेम्स वॉर्मली हा कृष्णवर्णीय होता. ज्यांच्या हक्कांचा सौदा झाला, त्यांच्यातल्याच एकाने त्या रात्रीची पाने वाढली असणार. बिल कोणी भरले, हे मात्र पुढची नव्वद वर्षे दिसत राहिले.

(२०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या काही सिनेटरांनी निवडणूक निकालावर हरकत घेऊन असाच आयोग नेमा अशी मागणी केली, तेव्हा त्यांनी दाखला दिला तो १८७७ चाच. टीव्हीवरच्या विद्वानाने त्या दिवशी हात जोडले की नाही, ते आम्ही पाहिले नाही.)

पुढचे काम कायद्याने झाले. १ नोव्हेंबर १८९० रोजी मिसिसिपीने नवी राज्यघटना स्वीकारली. पंधरावी दुरुस्ती वर्णावरून मत नाकारू देत नव्हती, म्हणून घटनेत वर्णाचा शब्दच नाही. मतदारावर वर्षाला २ डॉलरचा कर. शिवाय राज्यघटनेतले कलम वाचून दाखवा, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, ते गोरा अधिकारी ठरवणार. १३४ प्रतिनिधींच्या सभेत एकच कृष्णवर्णीय होता, आयझाया माँटगोमेरी, आणि त्याने याच्या बाजूने मत दिले. अशा माणसासाठी मराठीत कोणता शब्द आहे तो कांशीराम साहेबांच्या वाचकांना सांगायला नको. ही घटना लोकांपुढे मंजुरीसाठी ठेवलीच नाही. त्याच नोव्हेंबर महिन्याच्या २८ तारखेला पुण्यात जोतीराव गेले.

लुईझियानाने १८९८ मध्ये त्यावर कडी केली. ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. कोणाचा आजा मतदार होता आणि कोणाचा लिलावात उभा होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. गुणवत्ता आजोबांकडून येते, हे तत्त्व आमच्या देशात काही हजार वर्षे चालले, त्यामुळे आम्हाला ते चटकन कळते. १८९६ साली लुईझियानात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

मतदार गेले तर अर्थकारणही बदलते, हे १९३५ साली दिसले. रूझवेल्टच्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणाच्या पेन्शनची सोय केली, पण शेतमजूर आणि घरकामगार वगळले. वसुली अवघड जाईल, असे प्रशासकीय कारण सांगितले गेले. देशातल्या कृष्णवर्णीय कामगारांपैकी साधारण दोनतृतीयांश याच दोन कामांत होते. आणि संसदेच्या मोठमोठ्या समित्यांवर दक्षिणेचे जे ज्येष्ठ खासदार बसले होते, ते तसल्याच मतदारयाद्यांवर निवडून आलेले होते.

या अमेरिकेत जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब उतरले. त्याच वर्षी वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्ष झाला होता. हा राज्यशास्त्राचा प्राध्यापक, विद्यापीठाचा माजी अध्यक्ष, कार्यक्रमाचे नाव 'नवे स्वातंत्र्य'. त्याच्या पहिल्या वर्षातच आयकर आला, फेडरल रिझर्व्ह आली, आणि अर्थखाते व टपालखात्यात काळ्या-गोऱ्या कर्मचाऱ्यांची टेबले वेगळी झाली. बाबासाहेब कोलंबियात ज्या सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकत होते, ते आयकराचे मोठे पुरस्कर्ते. एकीकडे श्रीमंतांवर कर कसा बसवावा याचे धडे आणि दुसरीकडे पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हार्लेम.

आमचे काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी अमेरिकेकडून स्वातंत्र्य-समता शिकली. आम्हाला हे अर्धेच पटते. १९३० साली गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना ठेवली, तिच्यात नागरी हक्कांच्या कलमांचा आधार म्हणून अमेरिकेचे दोन कायदे दिले आहेत: ९ एप्रिल १८६६ चा आणि १ मार्च १८७५ चा. यातला दुसरा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच मोडीत काढला होता. कृष्णवर्णीयांनी आता कायद्याचे लाडके होणे थांबवावे, अशा अर्थाचे शेरे मारून! गुलामी संपून अठरा वर्षे झाली होती. आमच्याकडे 'किती दिवस आरक्षण' विचारणाऱ्यांनी तेवढी तरी कळ काढली.

जो कायदा त्याच्या मायदेशी मेला, त्याचे रोप बाबासाहेबांनी का आणले? कारण तो का मेला हेही त्यांनी सोबत आणले. त्याच योजनेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी कलमे घातली, ती १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून. दुकानदाराने मीठ-मिरची बंद केली, जमीनदाराने काम बंद केले, की कागदावरचा हक्क दोन दिवसांत उपाशी मरतो, हे त्यांना कळले होते. आणि १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते थेट मुळाशी गेले. शेतजमीन राज्याची करा आणि जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक कसायला द्या, मूलभूत उद्योग राज्याकडे, विमा राज्याकडे. आणि हे साध्या कायद्याने नको, घटनेतच लिहा, म्हणजे उद्याचे बहुमत ते फिरवू शकणार नाही. जॉन्सनने एका आदेशाने ४० एकर फिरवले होते, संसदेने एका दुरुस्तीने बँकेची सनद सैल केली होती. ही दोन उदाहरणे बाबासाहेबांच्या मनात होती असा आमचा दावा नाही. पण औषध त्याच रोगाचे आहे.

घटना समितीने ते औषध घेतले नाही. हक्क घेतले, जमीन ठेवून दिली. २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण आपण सगळे दरवर्षी वाचतो. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विसंगतीचा इशारा देणारा माणूस ती विसंगती दुसऱ्या एका देशात तीन वर्षे उघड्या डोळ्यांनी पाहून आला होता, एवढे त्या वाचनाला जोडून घ्यावे.

त्या मुलीला अजून एक सांगायचे राहिले. वॉशिंग्टनमध्ये फ्रीडमन्स बँकेची कचेरी होती त्या जागेवर आज अमेरिकेच्या अर्थखात्याची जोडइमारत उभी आहे. जानेवारी २०१६ मध्ये ओबामांच्या सरकारने समारंभ करून तिला 'फ्रीडमन्स बँक बिल्डिंग' असे नाव दिले. भाषणे झाली, पाटी लागली. ६१,१४४ पासबुकांवरची उरलेली बाकी तेवढी अजून कोणी भरलेली नाही.